सदऱ्याचं गाणं कुणाकडून घेतलं

बकआय खोरं, व्हर्जिनिया
५ मार्च १९७८

ओना,

वर "प्रिय" लिहायचं राहिलेलं नाही, मुद्दाम गाळलंय.

तुझी नवी रेकॉर्ड मिळाली. पोस्टमन एरवी खाली पुलाजवळच्या पेटीत टाकून जातो, पण काल घरापर्यंत चढून आला आणि वर म्हणाला, "व्हर्लीबाई, बहिणीचा फोटो काय झकास आलाय!" फोटो झकासच आहे. मोडक्या पडवीत अनवाणी बसलीयेस. आपली पडवी कधी मोडकी नव्हती, आणि शाळेला जाताना बूट सापडले नाहीत तर तू अख्खं खोरं डोक्यावर घ्यायचीस. पण ते जाऊ दे. फोटोचा मला राग नाही. मागे जे छापलंय त्याचा आहे.

"ही गाणी ओना रॅस्निक आपल्या खाणकामगार वडिलांच्या मांडीवर शिकली. 'सदऱ्याचं गाणं' तर वडिलांनीच खाणीतून घरी आणलं."

मांडीवर! अगं बये, आपल्या बाबांच्या मांडीवर मांजर तरी कधी बसलं का?

मी वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. फोन करणार होते. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि रागावलीस की आपटतेस. पत्र आपटून बंद होत नाही, म्हणून लिहितेय.

तिकडे नॅशव्हिलला राहून तुझी आठवण पातळ झाली असेल, तर ऐक. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि मी तेरा. आईची बहीण म्हणून झेल्फी मावशी एक गाठोडं आणि एक बँजो घेऊन आली, आणि आपल्यासाठी राहिली ती राहिलीच. लग्न केलं नाही, स्वतःचं घर केलं नाही. बाबांच्या चर्चच्या मंडळीत वाद्य म्हणजे सैतानाचं खेळणं. तिथं देवाचं गाणंसुद्धा नुसत्या गळ्यानं, उपदेशक ब्रदरनं एक ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती ओढत न्यायची. म्हणून मावशी तुला मक्याच्या कोठारात शिकवायची, दार लावून, आणि मी बाहेर शेंगा सोलत पहारा करायचे. तू दहा वर्षांची असताना कुणीतरी चुगली केली. बाबांनी बँजो आणला, गुडघ्यावर मोडला आणि स्वैपाकघरातल्या चुलीत घातला. कातडं जळल्याचा वास आठवतो ना? मला अजून येतो. मग मंडळीनं मावशीला सगळ्यांसमोर उभं केलं. "चुकले म्हण, नाहीतर मंडळीच्या वहीतून तुझं नाव काढतो." ती म्हणाली, "काढा." सत्तावीस वर्षं झाली, तिचं नाव त्या वहीत नाही.

आणि तरीही तिनं तुला शिकवायचं सोडलं नाही. बिस्किटं लाटायच्या फळीवर कोळशानं पाच रेघा ओढल्या आणि म्हणाली, "ह्या पाच तारा. वाजव." आवाज नाही, काही नाही. नुसती नखं आणि अंगठा. बाबा शेजारच्या खोलीत पवित्र शास्त्र वाचत बसायचे आणि तू इकडे फळीवर वाजवत असायचीस. आज पेपरवाले तुझ्या उजव्या हाताबद्दल रकाने भरभरून लिहितात. तो हात त्या मुक्या फळीवर तयार झालाय.

आपल्याकडे गाणं म्हणायच्या आधी काय सांगतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "हे मी अमक्याकडून घेतलं." मग गळा उघडायचा. डोंगरात गाण्याचं दुसरं काही देणं नसतं, नाव घ्यायचं, झालं. "नाव न घेता गाणारा आणि दुसऱ्याची कोंबडी पिशवीत घालणारा सारखाच," हे कुणाचं वाक्य आहे? मावशी स्वतः कधी चुकली नाही. प्रत्येक वेळी, "हे मी माझ्या आईकडून घेतलं." आता आपल्या आजीला कोंबड्या हाकायलासुद्धा सूर लागायचा नाही असं सगळं खोरं म्हणतं, पण मावशीनं तिचं नाव कधी गाळलं नाही.

एका वहीतून तिचं नाव बाबांच्या मंडळीनं काढलं, दुसरीकडून तू काढलंस. शाब्बास.

आता मुद्द्याचं. मावशीच्या पोटात गाठ आहे. तिला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, कापायचं नाही असं डॉक्टर म्हणाला. "ह्या सालचा मका बघतील असं वाटत नाही," हे त्यानं मला बाहेर सांगितलं आणि तिनं ते दाराआडून ऐकलं. ती दर शनिवारी दुपारी बाराला तुझा रेडिओवरचा कार्यक्रम लावते. मला तुझ्याकडून एकच हवंय. सदऱ्याचं गाणं म्हणायच्या आधी तिचं नाव घे. झेल्फी वॅम्पलर. तिच्या कानावर पडेल असं घे, आणि ती असताना घे.

व्हर्ली

ता. क. रेकॉर्ड तिनं अजून पाहिलेली नाही. मी पिठाच्या डब्यामागे लपवलीये.


२७ मार्च १९७८

ओना,

तुझं दीड पान मिळालं. लिहितेस, कंपनी म्हणते रेकॉर्डची पाकिटं छापून झालीत. लोकांना खाणकामगाराची मुलगी आवडते. वडिलांची गोष्ट ऐकून बायका रडतात. अगं, मग मावशीची खरी गोष्ट सांग ना, पुरुषही रडतील!

आणि वर मलाच लिहितेस, "त्या माणसाला हे सांगितलं कुणी, ते जरा आठवून बघ." ह्याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. तुझा तो कंपनीचा माणूस टेपचं यंत्र घेऊन आला तेव्हा घरात काय चाललं होतं तुला माहीत आहे का? बाबा शेवटच्या आजारात, नळ्या काय, औषधं काय. कोण काय बोललं आणि त्यानं काय ऐकलं, मला काही आठवत नाही. तो विषय काढू नकोस.

तू मावशीला पाठवलेला बँजोचा खोकाही आला. बँजोच्या मानेवर शिंपल्याची नक्षी, आत मखमल. मावशीनं झाकण उघडलं, बोटानं टकटक केलं आणि म्हणाली, "हे प्लास्टिक आहे. एवढ्या मोठ्या शहरात हिला कातडं मिळालं नाही?" माझ्या बँजोला ग्राउंडहॉगचं, बिळातल्या त्या घुशीसारख्या जनावराचं, कातडं होतं, पावसाळी हवेत ते रुसायचं, मग चुलीजवळ धरून त्याची समजूत काढावी लागायची, असं बराच वेळ सांगत बसली. हातात मात्र घेतला नाही. आता तो कोपऱ्यात उभा आहे आणि त्याच्या खुंट्यांवर तिची उन्हाची टोपी टांगलेली असते.

रेकॉर्ड तिला सापडली. मला घरात काही लपवता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तिनं मागचं सगळं ओठ हलवत वाचलं आणि पाकीट होतं तिथंच ठेवलं. मला वाटलं आता बोलेल, मग बोलेल. रात्री जेवताना म्हणाली, "व्हर्ली, मीठ दे."

परवाच्या शनिवारचं सांगते. साडेअकरापासून मावशीबाईंची तयारी. केस विंचरले, धुतलेला एप्रन बांधला, खुर्ची रेडिओपाशी ओढली, जणू तिला कुणी बघायला येणार आहे. तू तीन गाणी म्हटलीस. मग तो निवेदक लाडात आला, "आता ते सदऱ्याचं होऊन जाऊ दे." आणि तू म्हणालीस, "हे माझ्या वडिलांचं." माझं पत्र मिळून दोन आठवडे झाल्यावर! तुझी जीभ झडली नाही?

सात पाण्यांत धुतला सदरा, पाणी काळंच्या काळं;
आठवं पाणी निर्मळ निघालं, माणूस घरी नाही आलं.

एवढं होईपर्यंत ती बसली. मग उठली. "कोंबड्यांना दाणे घालायचेत." सकाळी घातले होते, मी पाहिलं होतं. परत घातले. कोंबड्यांची चंगळ झाली, दुसरं काय.

तू दगड आहेस.

व्हर्ली


१६ एप्रिल १९७८

ओना,

तुझी एक ओळ मिळाली. "व्हर्ली, टेप माझ्याकडे आहे, आणि तुझा आवाज मला ओळखता येतो."

ओळख मग. हो, मीच सांगितलं. झालं समाधान?

आता सगळं ऐक, कारण टेपवर दिसत काही नाही. नोव्हेंबर होता. बाबा चुलीजवळच्या खुर्चीत, नाकात नळी. फुप्फुसांत कोळसा भरलेला, दोन वाक्यांच्या मध्ये थांबून श्वास गोळा करायचे. मावशी स्वैपाकघरात, दार उघडंच, चुलीवर घेवडे शिजत होते. तुझ्या माणसानं यंत्र लावलं आणि मला विचारलं, "ओनाला गायला-वाजवायला कुणी शिकवलं?"

मावशीचं नाव माझ्या ओठांवर होतं. देवाशप्पथ होतं. तेवढ्यात मी बाबांकडे पाहिलं.

तुला एक माहीत नाही. शेवटचं वर्षभर ते तुझा कार्यक्रम ऐकायचे. मी धुणं वाळत घालायला गेले की हळूच लावायचे, मी परत आले की बंद. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनी सवय. एकदा मी खिडकीतून पाहिलं, तर ह्या माणसाचं बोट खुर्चीच्या दांड्यावर ताल धरत होतं. ज्या हातानं बँजो मोडला त्याच हाताचं बोट! मला त्या क्षणी त्यांची कीवही आली आणि ती खुर्ची उलटी करावीशीही वाटली.

तर ते माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर ते माझ्याकडे हुकूम सोडायला बघायचे, आणि त्या दिवशी मागायला बघत होते. मी म्हणाले, "बाबांनी शिकवलं." त्यांनी मान हलवली. "हो, माझ्याजवळच शिकली." चाळीस वर्षं मंडळीचा डीकन म्हणून कारभार केलेला माणूस, कधी खोटं बोलला नाही, तो बोलला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तुझ्या माणसाला वाटलं लेकीच्या आठवणीनं. त्यानं तेही टिपून घेतलं असेल.

आतून करपल्याचा वास आला. मावशीचे घेवडे लागले होते. तिच्या हातून कधी भांडं लागलेलं आठवतं तुला? मला नाही. त्या दिवशी तिनं तेच करपलेले घेवडे बाबांच्या ताटात वाढले आणि समोर उभी राहिली. बाबांनी खाली मान घालून शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले.

नंतर मी तिला परसात गाठलं. "मावशी, मी ते..." ती कोबीची पानं तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मरणाऱ्या माणसाला काहीतरी द्यावं, बरोबर आहे. पण तू त्याला माझं दिलंस. पुढच्या वेळी आपलं काय असेल ते दे."

ओना, हे वाक्य मी दीड वर्ष पोटात घेऊन फिरतेय. तुझ्यावर जे ओरडले त्यातलं निम्मं मला स्वतःवर ओरडायचं होतं. निम्मं. बाकीचं निम्मं तुझंच आहे, ते मी परत घेत नाही. मी एका खोलीत, एका मरणाऱ्या माणसासमोर खोटं बोलले. ते खोटं आहे हे तुला, फळीवर शिकलेल्या मुलीला, पक्कं माहीत होतं. "व्हर्ली, हे काय?" एवढा एक फोन करता आला असता. नाही केलास. ती गोष्ट तुझ्या अंगाला बसली, पडवीतल्या फोटोशी जुळली, तू घालून टाकलीस.

२८ मेला कबरी सजवायचा रविवार आहे. ह्या वर्षी बाबांच्या कबरीवर दगड बसवलाय, ब्रदर हॉबर्ट बोलणार आहेत. सगळं खोरं असेल, मावशीही येईन म्हणते. तू ये. तिथं सगळ्यांसमोर नाव घे, म्हणजे मला रेडिओची वाट बघायला नको.

गाठ वाढलीये. आता ती जिना चढत नाही, खाली माझ्याजवळ झोपते.

व्हर्ली


२९ मे १९७८

ओना,

आली नाहीस. डेटनला कार्यक्रम होता म्हणे. असू दे. डेटन काही पळून गेलं नसतं, पण असू दे.

काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

सकाळी सगळ्यांनी गवत काढलं, कागदी फुलं लावली, अक्रोडाखाली फळ्या टाकून जेवण मांडलं. कोंबडी, हॅम, शेंगा, मक्याची भाकरी, अंड्याचं सॅलड, फळं भरून भाजलेले सतरा प्रकारचे 'पाय'. मावशीला खुर्चीसकट दोघांनी उचलून वर आणलं. ती कुंपणाच्या आत आली नाही. "माझं नाव वहीत नाही, मी इथंच बरी," म्हणून फाटकाशी बसली. बायका जाऊन तिला भेटत होत्या आणि ती प्रत्येकीनं भाजून आणलेल्या 'पाय'ची चौकशी करत होती.

ब्रदर हॉबर्ट बाबांच्या दगडापाशी उभे राहिले. एक ओळ सांगितली, सगळ्यांनी ओढली, ठीक चाललं होतं. मग बोलायला लागले. "ब्रदर आर्व्हिल धर्मनिष्ठ होते, कष्टाळू होते. आणि आज साऱ्या देशात जे गाणं वाजतंय, ते ह्याच आपल्या भावाच्या मुखातून निघालं, ह्याचा आपल्या मंडळीला अभिमान आहे."

अभिमान! ज्या गाण्यासाठी नाव कापलं, त्याच गाण्याचा अभिमान! ह्याच हॉबर्टनं तेव्हा वहीवर रेघ मारली होती, मी स्वतः पाहिलंय. आता लेकीचा फोटो पेपरात आल्यावर सैतान कुठं गेला रे तुमचा?

मी उठले. आपल्याकडे तिथं बाई बोलत नाही, ओळ सांगत नाही, मला सगळं माहीत आहे. तरी मी म्हणाले, "ते बाबांचं गाणं नाही."

हॉबर्ट म्हणाले, "सिस्टर व्हर्ली, बसून घ्या."

"बसते, पण सांगून. ते गाणं झेल्फी वॅम्पलरचं. ओनाला तिनं शिकवलं, मक्याच्या कोठारात आणि नंतर लाटायच्या फळीवर. बाबांनी तिचा बँजो जाळला, तुम्ही तिचं नाव काढलंत, आणि मी त्या रेकॉर्डवाल्याला खोटं सांगितलं. बाबा ऐकत होते, त्यांनी खोट्याला मान हलवली. दगडावर काय कोरायचं ते कोरा. हे गाणं मी झेल्फीकडून घेतलं, तिनं तिच्या आईकडून." आणि मी म्हटलं.

मी, ओना! जिला सूर लागत नाही म्हणून तुम्ही दोघी "कुंपणाची खुंटी" म्हणायचात. आवाज फाटला, दुसऱ्या कडव्याला दम संपला, पण शेवटपर्यंत म्हटलं. निम्मी माणसं खाली बघत होती. हॉबर्टची बायको उठून निघून गेली. मात्र तिसऱ्या कडव्याला मागून कुणीतरी बारीक आवाजात ओढायला लागलं, मग आणखी एक. बायकाच होत्या.

झाल्यावर मी फाटकाशी गेले. वाटलं, आता तरी मावशी जवळ घेईल. ती एप्रनची किनार बोटांत पिळत होती, माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, "सूर फार उंच धरलास. आणि ते अंड्याचं सॅलड उन्हात आलंय, झाक कुणीतरी."

मला रडूच आलं, रागानं. घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

जूनच्या सभेत माझं नाव पुढे येणार आहे. "चुकले" म्हणायचं की नाही, ते मी ठरवलंय.

आता उरलीस तू एकटी. शनिवारी दुपारी बारा.

व्हर्ली


१० जून १९७८

प्रिय ओना,

आज दुपारी तू नाव घेतलंस. "हे मी झेल्फी वॅम्पलरकडून घेतलं, ती माझी मावशी, तिनं मला एका फळीवर वाजवायला शिकवलं. तिनं ते तिच्या आईकडून घेतलं." मग तू गायलीस. मावशी तुला जे म्हणायची ते आठवतं का, "गाताना रडू नकोस, ऐकणाऱ्याला रडू दे"? तू रडली नाहीस. मी रडले.

आता पुढचं वाच, आणि खाली बस.

मी पलंगावर तिच्याशेजारी होते. ती आता उठत नाही. रेडिओ उशाशी ठेवलाय. मी तिचा हात धरून म्हणाले, "ऐकलंस ना गं? घेतलं एकदाचं!" तर ती म्हणते, "बंद कर तो." चेहरा असा, जणू तिला कुणी चोर म्हणालंय.

"व्हर्ली, मी ते आईकडून नाही घेतलं."

मला वाटलं औषधाची गुंगी. पण ती पूर्ण शुद्धीत होती. चौदा वर्षांची असताना ती तीन नंबरच्या खाणीच्या वसाहतीत अंडी आणि ताक विकायला जायची. पलीकडच्या टोकाला काळ्या लोकांची आळी होती. तिथं क्लेमी गेन्स नावाची बाई सगळ्या वसाहतीचे कपडे धुवायची आणि धुणं उकळत असताना पायरीवर बसून बँजो वाजवायची. मावशी तिच्यापाशी तासन्तास बसायची. नखानं मारून अंगठा खाली सोडायचा तो हात, तुझा तो हात, क्लेमीचा. खाण कोसळली तेव्हा क्लेमीचा नवरा आत होता. सदरा तिनं त्या सकाळीच धुवून दोरीवर घातला होता. गाणं तिचं स्वतःचं, ओना. कुणाकडून घेतलेलं नव्हतं. वसाहत उठली तेव्हा ती ओहायोला गेली, आणि जाताना आपला बँजो मावशीच्या हातात देऊन म्हणाली, "म्हणशील तेव्हा माझं नाव घे." चुलीत गेला तो हाच बँजो.

"मग घेतलं का नाहीस?" मी विचारलं.

"बापानं मला तिथं बसताना पाहिलं असतं तर सोलून काढलं असतं. म्हणून पहिल्यांदा आईचं नाव सांगितलं. नंतर बाप मेला, पण तोंडाला तीच सवय झाली. आणि काळ्या बाईकडून शिकले म्हटल्यावर मला खोऱ्यात कुणी गाऊ दिलं असतं का?" मग म्हणाली, "नाही दिलं असतं. पण तरी."

ओना, मी तिच्यावर ओरडले. मरणाला टेकलेल्या बाईवर! "तुझ्या नावासाठी मी मंडळीशी वैर घेतलं, सख्ख्या बहिणीला दगड म्हणाले, बापाच्या कबरीपाशी उभं राहून त्याची अब्रू काढली! कोंबडी पिशवीत घालणाऱ्याची गोष्ट सांगणारी तू! चौसष्ट वर्षं कोंबडी तुझ्याच पिशवीत?"

ती म्हणाली, "म्हणून तर सांगतेय. तू उभी राहिलीस ना, तेव्हापासून मला घास गिळवत नाही."

मी दार आपटून परसात गेले आणि तिथं उभी राहून रेकॉर्डवाल्याला, बाबांना, तुला, तिला, मला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग आत आले, तिचं तोंड पुसलं, उशी सरळ केली. आता ती सांगतेय आणि मी लिहितेय, एकेक अक्षर ती माझ्याकडून परत वाचून घेतेय.

पुढच्या शनिवारी असं म्हणायचं: "हे मी झेल्फी वॅम्पलरकडून घेतलं. झेल्फीनं क्लेमी गेन्सकडून घेतलं, तीन नंबरच्या वसाहतीत, आणि तिचं नाव सांगितलं नाही. क्लेमीनं ते स्वतः केलं." त्यातलं "नाव सांगितलं नाही" हे गाळायचं नाही, असं ती म्हणते. मी म्हटलं, ते कशाला? तर म्हणे, "ओहायोत तिची पोरंबाळं असतील. रेडिओ तिथंही लागतो."

गाणं सुरू करताना सूर खाली धर. क्लेमी खालीच धरायची म्हणे, आपण सगळ्यांनीच ते वर नेऊन ठेवलंय.

डॉक्टर सकाळी येऊन गेला, चार दिवस म्हणाला. शनिवारला सात आहेत. मावशी म्हणते, ते कानावर पडल्याशिवाय मी मरत नाही. शब्दाची ती पक्की आहे, हे एक गाणं सोडलं तर.

तुझी बहीण,
व्हर्ली